हद्द झाली!
वेलचीच्या अरबी कॉफीचा वास आला की सौदीतल्या तबूकच्या उत्तरेचं वाळवंट आठवतं. साइटची वाट चुकून आम्ही जॉर्डनच्या सीमेशी पोचलो होतो. सैनिकाने बंदूक रोखली, माझा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, उलटसुलट करून पाहिला. वैतागून मी पुटपुटलो, “हद्द झाली!” तो गरजला, “हद्द? म्हणजे पलीकडेच पळायचं होतं तुला!” अरबीतही सीमेला हद्दच म्हणतात. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमचा म्हातारा बेदुईन ड्रायव्हर म्हणाला, “वैतागला की हा रोजच असं बोलतो.” मग थर्मासमधली कॉफी ओतत त्याने तारेपलीकडे बोट दाखवलं. “ती आमची विहीर. तुर्क गेले, इंग्रजांनी नकाशावर रेघ ओढली, विहीर तिकडे गेली.” सैनिकाची बंदूक खाली आली. “माझी आजी तिथलंच पाणी प्यायची,” तो म्हणाला. आजही ‘हद्द झाली’ म्हणायला गेलो की आधी ती विहीर दिसते.