चौथी भाकरी

भुताखेताची गोष्ट कोणी सांगायला लागलं की मी आधी विचारतो — तू स्वतः बघितलंस का? बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते. मी जातीचाच संशयी. उभी हयात कचेरीत कारकुनी केली, कागद उलटून मागची बाजू बघितल्याशिवाय पुढे सरकवला नाही. देवचार-बिवचार कधी मानला नाही. तरी हे लिहितोय, कारण जे झालं ते माझ्या स्वतःच्या मांडीवर झालं... आणि त्यात एका माणसाची भाकरी गेली, ती मी घालवली.

पंचावन्न-छप्पन साल असेल. आमचा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. मी मालवणला नोकरीला नवीन लागलेलो, तिथल्या भरड भागात एक खोली घेऊन राहायचो. घर कसालला, तिथे आई एकटी. माझं पोट नाजूक, खानावळीचं तिखट झेपेना. मग आईने तेव्हा सगळेच करायचे तेच केलं — सर्व्हिस मोटारीने डबा पाठवायला लागली. सकाळी आठला मोटार कसालहून सुटायची, कट्टा, चौके ही गावं करत दहाच्या सुमाराला मालवणला टेकायची. असे पाच-सहा डबे रोज यायचे. ते कंडक्टरच्या पायाशी ठेवलेले असत आणि ज्याचा त्याने येऊन न्यायचा.

कंडक्टर सोनू. चाळिशीचा, किडकिडीत, मूळचा चौक्याचा. डबा हातात देताना रोज एकच वाक्य, "भाऊनू, गरम आसा हां, सांभाळून."

डब्यात तांदळाच्या चार भाकऱ्या आणि कसलं तरी कालवण. वरून फडक्याची गाठ. एक दिवस उघडतो तर भाकऱ्या तीन. म्हटलं, पीठ संपलं असेल. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्याही दिवशी तीनच. रविवारी घरी गेल्यावर आईला विचारलं.

"चार घातलंय रे झिला, रोज मोजून," ती म्हणाली. "तुका कमी घालून मी काय करू?"

झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली. दोन तास डबा कोणाच्या पायाशी असतो? सोनूच्या. सोमवारी स्टँडवर डबा घेताना मी त्याच्याकडे न बघता, पण चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बघूया, आज कोणाचं पोट भरलं ते." सोनूने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा डब्याकडे. मला वाटलं, चोर ओळखला.

त्यानंतर गंमत झाली. दोन दिवसांनी डब्यात चार भाकऱ्या आल्या. पण चौथी काळसर... नाचणीची. मग रोजच तसं. तीन पांढऱ्या, एक काळी. आईला विचारलं तर ती उलट माझ्यावरच डाफरली, "आपल्या घरात नाचणो खंय आसा रे?"

म्हणजे बघा लबाडी — आमची तांदळाची खायची आणि आपली जाडीभरडी त्या जागी सरकवायची. माझं पित्त खवळलं. ती नाचणीची भाकरी मी कागदात गुंडाळली, पुरावा म्हणून, आणि थेट मोटारीच्या मालकाच्या पेढीवर नेऊन ठेवली. मालक भाकरीकडे बघत म्हणाला, "लोकांचे डबे फोडणारो माणूस माका नको." आठवडा संपायच्या आत मोटारीवर दुसरा कंडक्टर होता. खरं सांगतो, त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

नव्या कंडक्टरच्या हातून पहिला डबा घेतला. उघडला. तीन.

दुसऱ्या दिवशीही तीन. आता काळी भाकरीही येईना. मी नव्यावर संशय घेतला, क्लीनरवर घेतला... खोटं कशाला सांगू, आईवरही घेतला. तिला ते कळलं. त्या रविवारी ती माझ्याशी धड बोलली नाही. सोमवारी पहाटे मला चुलीपुढे बसवून तिने भाकऱ्या थापल्या आणि म्हणाली, "मोज तुझ्या हातान." चार मोजल्या. तिने डबा फडक्यात बांधला आणि फडकं सुईदोऱ्याने चारी बाजूंनी शिवून टाकलं.

त्या दिवशी मी स्वतः डबा घेऊन आठच्या मोटारीत बसलो. खिडकीशी जागा, डबा मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर. डुलकी नाही, गप्पा नाहीत. शेजारच्या बाईने पान देऊ केलं, तेही घेतलं नाही. कट्टा गेल्यावर डबा जरा हलका वाटला — पण हा कदाचित माझ्या मनाचा खेळ असेल, त्याची खात्री मी देत नाही. खात्री देतो ती पुढची. कचेरीत पोचलो, शेजारच्या टेबलावरच्या कारकुनासमोर डबा ठेवला. टाका न् टाका शाबूत. त्याने स्वतः ब्लेडने दोरा कापला.

भाकऱ्या तीन. अजून कोमट होत्या.

आई म्हणाली, वाट राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, एक भाकरी ठेव. माझा विश्वास नव्हता, तरी कट्ट्याला उतरून ठेवली. दुसऱ्या दिवशी तीनच आल्या. शेवटी डबाच बंद केला आणि खानावळीचं तिखट गिळायला लागलो.

मग मालकाकडे गेलो. म्हटलं, सोनूची चूक नव्हती, त्याला परत घ्या. "आता दुसरो ठेवलंय," एवढंच बोलून त्याने पान लावायला घेतलं. सोनू कुठे आहे हे शोधायला मला महिना लागला. बायकोच्या माहेरी, शिरोड्याला, मिठागरात मीठ ओढत होता.

मी गेलो तेव्हा तो खोपटाच्या सावलीत जेवायला बसला होता. पायांना मिठाने भेगा पडलेल्या. मी सगळं सांगितलं — शिवलेलं फडकं, ब्लेड, सगळं. त्याला नवल वाटलं नाही.

"माका ठावक आसा," तो म्हणाला. "तुमी स्टँडार तसा बोललात, त्या दिसापासून मी कसालाक तुमचो डबो उघडून बघी. चार असत. मालवणाक उघडी, तीन. माझ्या पायाकडसून डबो हललो नाय कधी. मगे माझ्या दोनांतली एक घालूक लागलंय. तुमका उपाशी कित्याक ठेवूचा? आमच्या घरात नाचण्याचीच असता..."

मला वर बघवेना. जो पुरावा मी मालकापुढे ठेवला, ती त्याच्या जेवणातली अर्धी वाटणी होती.

"मग तेव्हाच माका सांगलंस कित्याक नाय?"

"भाऊनू, तुमी माका इचारलात खंय?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. निघताना त्याच्या बायकोने दोन नाचणीच्या भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या, लांबचा प्रवास आहे म्हणून.

परतीच्या मोटारीत मी त्या मोजल्या. लाज वाटली, तरी मोजल्या. मालवणला खोलीवर येऊन फडकं सोडलं. दोनच्या दोन होत्या.

आमच्या डब्यातलीच कशी जायची, रोज एकच का जायची, आणि सोनूच्या भाकरीला वाटेत कोणी हात का लावला नाही... मला आजही सांगता येत नाही. त्या दोन भाकऱ्या पुढ्यात घेऊन बसलो, आणि तशाच फडक्यात परत बांधून ठेवल्या.