म्हातारीचं काय झालं?

जगातल्या कोणत्याही राजाला, राक्षसाला किंवा जादूगाराला आपला कारभार सुरळीत चालवायचा असेल, तर त्यानं आमच्या शेळगावच्या साडूंना वेशीच्या आत घेऊ नये. माणूस अत्यंत गोड. पण उभा जन्म साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गेलेला. बांधाबांधावर थांबायचं, चहा घ्यायचा आणि म्हशीपासून जावयापर्यंत सगळ्यांची चौकशी केल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. निवृत्तीनंतर त्यांच्या लेकीनं आपला जुना लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवून एक गेम लावून दिला. आपण योद्धा व्हायचं, राज्यभर फिरायचं, कुणी काही विचारलं की पडद्यावरच्या उत्तरांतलं एक निवडायचं. जशी निवड, तशी गोष्ट पुढे. लेक म्हणाली, "पप्पा, चाळीस तासांत संपतो." साडूंना पहिल्या गावातून बाहेर पडायलाच तीन आठवडे लागले.

पहिली अडचण उत्तरांची. राजानं विचारलं, 'माझ्या बाजूनं लढशील?' खाली उत्तरं तीन: होय, नाही आणि तलवार उपस. साडूंनी मला बारामतीला फोन लावला.

"पाव्हणं, ह्यात 'बघू' कुठं हाय?"

"नसेल हो."

"नसंल कसं? राजा झाला म्हणून काय झालं, असं तोंडावर कुणी व्हय-न्हाय सांगतं व्हय? घरी इचारावं लागंल."

शेवटी भिडेखातर 'होय' म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी राजाच्या शत्रूलाही 'होय' म्हणून आले; बिचारा इतक्या लांबून आला होता! निरोपाचं तर विचारूच नका. बोलणं संपवायला उत्तर एकच: 'जातो'. आता आपल्यात निघताना 'येतो' म्हणतात. 'जातो' म्हणायला साडूंची जीभ रेटेना, तर बोट कुठून रेटणार? एका लोहारापुढे ते दुपारभर तसेच उभे. मेहुणीनं जेवायला हाक मारली, तर आतून ओरडले, "थांब जरा, लोहार सोडंना!" मेहुणी म्हणाली, "त्याला म्हणावं, कायमचंच ठिवून घे."

त्याच पहिल्या गावात नदीकाठी एक म्हातारी राहायची. तिनं योद्ध्याला खाऊ घातलं आणि सांगितलं, 'माझा मुलगा लढाईवर गेलाय, भेटला तर घरी पाठव.' गेम लिहिणाऱ्यानं हे वाक्य बहुधा जेवायच्या सुट्टीआधी घाईत उरकलं असावं. साडूंनी मात्र ते काळजात ठेवलं. राज्य बुडायच्या बेतात, आकाशातून आग बरसतेय आणि हा गृहस्थ छावणीछावणीत जाऊन त्या मुलाची चौकशी करतोय! मुलाचं विलायती नाव तोंडात बसेना, म्हणून साडूंनी त्याचं बाळू करून टाकलं. तीन महिन्यांनी बाळू एका किल्ल्यावर पहारा देताना सापडला. उत्तरं दोन: 'तुझी आई वाट बघतेय' आणि, अर्थातच, 'तलवार उपस'. साडूंनी पहिलं दाबलं. बाळूनं मान डोलावली आणि चालू लागला. "पाव्हणं, निघाला बघा घरी!" फोनवर आवाज असा, की घरात बारसं असावं. मेहुणीनं त्या दिवशी खरोखर शिरा केला.

मग आला शेवट. शेवटच्या दरवाजापाशी तीन वाटा: राज्य राजाला द्या, स्वतः घ्या किंवा जाळून टाका. साडूंनी राजाला दिलं. मुकुट, तुताऱ्या, मजकुराच्या चार ओळी, समाप्त! म्हातारीचं नाव नाही. पाठोपाठ गेम बनवणाऱ्यांची नावं वर सरकू लागली. तीही साडूंनी शेवटपर्यंत वाचली. न जाणो, खाली कुठं तिचं काही असेल. मागं साठवलेला डाव उघडून त्यांनी दुसरी वाट धरली. मुकुट साडूंच्या डोक्यावर, ओळी जवळपास त्याच. तिसऱ्यांदा डोळे मिटून राज्य जाळलं. राखेवरही चारच ओळी, आणि त्यातही राजाचंच कौतुक.

"शंभर गोष्टी इचारल्या आमाला," साडू मला म्हणाले, "आन् शेवट ह्यांनी आधीच लिहून ठिवलेला. मग इचारलं कशाला? आन् म्हातारीचं काय झालं?" त्यांनी कंपनीला रीतसर पत्र धाडलं. विषय : नदीकाठच्या वृद्ध महिलेबाबत. उत्तर आलं, अभिप्रायाबद्दल आभार.

मागच्या महिन्यात शेळगावला गेलो, तेव्हा साडू लॅपटॉपपुढेच बसले होते. साठवलेला डाव पुन्हा उघडून शेवटच्या दरवाजापासून त्यांनी घोडा माघारी वळवला होता आणि सगळं राज्य उलटं तुडवत ते म्हातारीच्या दारी येऊन थांबले होते. बाळूचा पत्ता नव्हता. रोज असेच येतात म्हणे, दुपारच्या चहाला.

मी खोडी काढली, "साडूभाऊ, शेवट केल्याशिवाय पोरगा घरी यायचा कसा?"

"शेवट केल्यावर आला का? तीनदा केला की. शेवट झाला की हे गावच न्हाई राहत, पाव्हणं. म्हातारी कुठं जाती, कुणाला ठावं?" त्यांनी बशीत चहा ओतला. "आन् किल्ला का जवळ हाय? चालत निघालाय त्यो. वाटंत आसंल."

पडद्यावर म्हातारी उंबऱ्यात बसून रस्त्याकडे बघत होती आणि साडूंचा घोडा नेमका मध्ये उभा होता. त्यांनी बशी खाली ठेवली आणि घोडा दोन पावलं बाजूला घेतला.