सुनेच्या गाडीचे मागचे आर्म

माझी सून हिंगोलीत शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी गाडी पळवते. रस्त्यावर न्हाई हां. मोकळ्या मैदानात लाल शंकू मांडतात, त्यांच्यातून एकेकानं गाडी काढायची, घड्याळ लावून. पहिल्यांदा पाहिलं तवा मला वाटलं, बैलांच्या शर्यतीत निदान दोन जोड्या तरी पळतात, ही एकटीच कोणाच्या मागं लागली? मग कळलं, घड्याळाच्या.

गाडी तिनं लग्नाआधीच घेतलेली, जुनीच, पण इंजिन ताकदीचं. स्प्रिंगा बदलून तिनं ती आणखी खाली बसवली. तवापासून मागची चाकं वरच्या बाजूनं आत झुकली, टायर आतल्या अंगानं झिजायला लागले आणि वळणावर गाडीचं बूड सरकायला लागलं. मागच्या खेपेला त्यानंच तिचा नंबर हुकला. घरी येऊन ती कणीक मळत बसली, लई वेळ.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आत्या, मागचे आर्म बदलावे लागतील." आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते. आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या अंगाशी धरून ठेवणारे लोखंडी दांडे, हे तिनं मला पोळ्या लाटता लाटता समजावलं. गाडीबरोबर आलेले दांडे ठराविक लांबीचे असतात. बाहेर मिळतात त्यांची लांबी पेच फिरवून कमीजास्त होते, म्हणजे झुकलेलं चाक सरळ आणता येतं. स्वस्तातला एक जोड होता, पण त्याचं कच्चं वेल्डिंग बघून तिनं फोनवरचा फोटो पुढं ढकलला. राहिले दोन. एकाच्या टोकाला रबर, दुसऱ्याच्या टोकाला लोखंडी बॉल. रबर दबतं, म्हणून जोरात वळताना चाक जरासं हलतं. बॉलवालं हलत न्हाई, पण रस्त्यातला खडा न् खडा वर पाठवतं.

वर म्हणजे मला. पुढची डावी सीट तिनं वजन कमी करायला काढून टाकली आहे, त्यामुळं मी मागं बसते, बराबर चाकांच्या वर. पोरगा पुण्याला नोकरीला. मला शिरड शहापूरला बहिणीकडं न्यायचं, डॉक्टरकडं न्यायचं, सगळं सुनेकडं. आणि डॉक्टरकडं जायचं ते कमरेसाठीच, मणक्यातली चकती सरकली आहे माझी.

तिला बॉलवालं पाहिजे होतं. तोंडानं म्हणत न्हवती, पण फोनवर तेच उघडून बघायची. मी पण चष्मा लावून बघायची. शेजारणीनं टोमणा मारला, "सुनेच्या गाडीला तोडे घडवून राहिल्या काय?" मी म्हटलं, व्हय, आणि पसंती माझी विचारून राहिली ती.

खरंच विचारली. नांदेडच्या एका ओळखीच्या मुलाच्या गाडीला बॉलवाले आर्म होते. तो आला तवा तिनं मला त्याच्या मागच्या सीटवर बसवलं आणि औंढ्याच्या रस्त्यानं थोडं फिरवून आणलं. उतरल्यावर म्हणाली, खरं सांगा. "बरं आहे" असं माझ्या ओठांवर आलंच होतं. आमच्या पिढीला काहीही विचारा, जेवण, जावई, दवाखाना, उत्तर तेच. पण ह्या उत्तरावर ती दांडे मागवणार होती, आणि त्यांच्यावर बसून मीच कण्हणार होते.

"न्हाई जमायचं, पोरी. कमरेत कळ गेली."

तिनं मान हलवली आणि रबराचे मागवले. पुन्हा तो विषय काढला न्हाई.

आर्म आले, बसवले, मग चाकं सरळ करायला अलाइनमेंटवाल्याकडं गेलो. डॉक्टरकडून परत येताना गेलो, म्हणून मी मागंच बसलेली, मांडीवर एक्स-रेची पिशवी. त्यानं विचारलं, चाकं कोणत्या वजनावर लावू? मागं माणूस बसलं की गाडी दबते आणि चाकाचा कल बदलतो. काकूंसकट लावली तर रोजच्याला टायर टिकतील, एकटीच्या वजनावर लावली तर मैदानात बरी पळेल. दोन्ही जमत न्हाई.

सून लगेच म्हणाली, "आत्यांना बसू द्या."

"मैदानात मला घेऊन पळतेस काय?" मी म्हटलं.

"नाही."

"मग आता काहून मोजून राहिली मला?"

"रोज तर तुम्हीच असता मागं."

"रबर घेतलंस, माझं तेवढं झालं. आता तुझ्यापुरतं लावून घे." आणि मी दार उघडून उतरले. अलाइनमेंटवाला म्हणाला, सासू आपणहून खाली उतरलेली पहिल्यांदाच पाहिली. मी त्याच्या स्टुलावर बसले. सून स्टेअरिंग धरून सरळ बसून राहिली, आणि तो खाली शिरून पेच फिरवायला लागला.

पुढच्या खेपेला मी पण गेले, शेजारी जादाचे टायर घेऊन. बूड सरकलं न्हाई. तिचा वेळ चांगला सुधारला, पण नंबर चौथा आला आणि बक्षिसं तिघांनाच होती. परत येताना ती म्हणाली, त्या तिघांच्याही गाडीला बॉलवाले आर्म होते, आणि मागची सीट एकाच्याही गाडीत नव्हती.

मी म्हटलं, "मग त्यांच्या सासवा कशात बसतात?"

"बसत नाहीत, आत्या," ती म्हणाली, आणि पुढं खड्डा दिसला म्हणून गाडी हळू केली.