पालक कोण, बाप की नवरा?

ऑफिसात इतरांच्या टेबलावर कागद साचायचे, माझ्या टेबलावर लग्नं साचायची. साठ सालानंतरची ती वर्षं. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं आणि आमचं कॉलेज नवंकोरं. मी ज्युनिअर क्लार्क, फ्रीशिप (फीमाफी) आणि स्कॉलरशिपचे फॉर्म माझ्याकडे. फॉर्मात एक रकाना, 'विवाहित की अविवाहित'. त्याच्याखाली दुसरा, 'पालकाचे नाव व उत्पन्न'. मुलाचं लग्न झालं तरी त्याचा पालक बापच राहायचा. मुलीचं झालं की पालक बदलायचा, आणि पालकाबरोबर उत्पन्नही. सवलत मिळणार की जाणार, ते त्यावर ठरायचं. या दोन रकान्यांनी मला काय काय दाखवलं, ते चार मित्र जमले की अजून निघतंच.

*

पहिल्याच वर्षी ब्राह्मणपुरीचा एक मुलगा फॉर्म घेऊन आला. अक्षर सुरेख, सगळं भरलेलं, फक्त लग्नाचा रकाना कोरा.

"लग्न झालंय का?" मी विचारलं.

"व्हयेल शे म्हनतस."

"म्हणतात म्हणजे?"

"मी चार वरीसना व्हतू, सर. माले फक्त घोडं याद शे. नवरी अजून तिना माहेरलेच शे."

मी फॉर्म हेडक्लार्ककडे नेला. त्यांना सगळं कॉलेज नाना म्हणायचं. नानांनी पेन उचललं आणि लिहिलं, 'विवाहित (अपूर्ण)'.

महिन्याने वरच्या ऑफिसातून फॉर्म परत आला. 'अपूर्ण या शब्दाचा खुलासा करावा.' पोराचा चेहरा उतरला. फ्रीशिप गेली असती तर तो दुसऱ्या दिवसापासून शेतात होता.

नानांनी खुलासा लिहिला, 'वधू येणे बाकी.'

पुढच्याच टपालाने मंजुरी आली.

*

विसरवाडीचे एक प्राथमिक शिक्षक मुलीला घेऊन आले. मुलगी मॅट्रिकला चांगल्या मार्कांनी पास झालेली, नाव कुसुम. लग्न ठरलं होतं, मुलगा तलाठी. शिक्षकांनी खिशातून लग्नपत्रिकेचा मसुदा काढला.

"फॉर्मची शेवटची तारीख काय आहे?"

मी सांगितली. लग्न त्या तारखेच्या बारा दिवस आधी होतं. जावयाच्या घरची शेती मोठी, म्हणजे सवलत मिळणं अवघड. आणि सासरचे फी भरून तिला शिकवतील का, हे विचारायची शिक्षकांची हिंमत नव्हती. त्यांनी मसुदा घडी करून परत खिशात ठेवला. कुसुम खाली बघत होती.

चौथ्या दिवशी स्वतः तलाठीच आला. त्याच्या कानावर हे कोणी घातलं, कोण जाणे. मी मनात म्हटलं, झालं, मोडलं लग्न.

"फॉर्म भरायच्या दिवशी मुलगी अविवाहित असली तर वर्षभर सवलत टिकते?" त्याने विचारलं.

"टिकते. नंतर लग्न झालं तर कळवायचं, पण मंजूर झालेलं वर्ष कापत नाहीत."

"मग लग्न मार्गशीर्षात करतो. घरच्यांना सांगितलंय, भटजींना पत्रिकेत दोष सापडलाय."

"कसला दोष?" नानांनी विचारलं.

"तुमच्या फॉर्मचा," तो म्हणाला.

*

त्याच्या उलट विमलचं झालं. तिने घाई केली नाही आणि उशीरही केला नाही, सरळ वैशाखात लग्न केलं. माहेरी बाप कोरडवाहू शेतकरी, सासर तापीकाठचं, केळी आणि ऊस. पहिल्या वर्षाला तिचा वर्गात पहिला नंबर आला होता. दुसऱ्या वर्षी तिचा फॉर्म नामंजूर झाला.

नोटीस लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचे सासरे ऑफिसात आले. धिप्पाड माणूस, डोक्याला फेटा, हातात काठी. मागे विमल, डोक्यावर पदर. आम्हाला वाटलं, दाखला काढायला आले.

"मन्ही सून पहिला नंबरले उनी," ते म्हणाले, "आनि तुम्ही तिनी माफी काढी टाकी. तिना गुन्हा काय शे?"

नाना उभे राहिले. "पाटील, तिचा काही गुन्हा नाही. तिचे पालक आता तुम्ही. तुमची जमीन जास्त आहे, म्हणून गेली."

"म्हंजे गुन्हा मन्हा शे?"

"नियमाप्रमाणे, हो."

पाटलांनी काठी भिंतीला टेकवली आणि खुर्ची ओढून बसले. "मंग दंड मी भरस. पावती तिना नावनी फाडा."

विमल पदराआड हसली की रडली, ते मला कळलं नाही. तिने बी. ए. केलं, एवढं मात्र माझ्या रजिस्टरला आहे.

*

एका वर्षी नवरा-बायको दोघं एकाच वर्गात आले. लग्न नुकतंच झालेलं, दोन्ही घरच्यांना न विचारता, त्यामुळे दोन्ही दारं बंद. गावात एक खोली घेऊन राहायचे आणि लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायचे, हे गावभर ठाऊक होतं. बायकोने फॉर्म भरला. पालक, पती. पालकाचा व्यवसाय, विद्यार्थी. वार्षिक उत्पन्न, शून्य.

तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमका तोच फॉर्म बाहेर काढला आणि तिला बोलावून घेतलं.

"शून्य उत्पन्नावर घर कसं चालतं, बाई?"

"चालत नाही, साहेब," ती म्हणाली. "म्हणून तर दोघं शिकतोय."

साहेबांनी तिथेच सही केली. मग तिला थांबवून म्हणाले, "शिकवण्यांचं लिहिलं नाहीत ते बरं नाही. पण ते मी ऐकलेलं नाही." आम्ही सगळ्यांनी एकदम फायलीत डोकी घातली.

*

एक मुलगा सातपुड्यातल्या पाड्यावरचा होता, नाव जयसिंग. खापर या बाजाराच्या गावापुढे दोन तास चालायचं, मग त्याचं घर. त्या पाड्यावरून कॉलेजात आलेला तो पहिलाच. होळीला गावी गेला तो परत आलाच नाही. हॉस्टेलच्या मुलांकडून कळलं, त्याचं लग्न झालं. आणि कोणीतरी त्याला सांगितलं होतं, लग्न झालं की स्कॉलरशिप बंद.

तसा नियमच नव्हता. मुलाची स्कॉलरशिप लग्नाने जात नाही. पण हे त्याला सांगणार कोण? पत्र पाड्यावर पोचेल की नाही, शंका. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

नाना म्हणाले, "बाजाराच्या दिवशी खापरला जा. तो नाही भेटला तरी त्याच्या गावचं कोणीतरी भेटेल."

मी सकाळच्या एस. टी.ने गेलो. बाजारात दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला तोच दिसला. चारोळीची टोपली पुढ्यात घेऊन बसला होता, शेजारी त्याची बायको, सतरा-अठराची असेल. मला बघून तो चटकन उभा राहिला आणि हात धोतराला पुसले.

"स्कॉलरशिप बंद झाली ना, सर?"

"कोणी सांगितलं? चालू आहे. तुझे दोन महिन्यांचे पैसे ऑफिसात पडून आहेत. परीक्षेचा फॉर्मसुद्धा मी ठेवून घेतलाय, फक्त सही पाहिजे."

तो खाली बसला आणि चारोळी या हातातून त्या हातात करत राहिला. मग म्हणाला, "आता हिला सोडून कसा येऊ? टोपली विकायची, घरी शेत आहे."

बायकोला मराठी येत नव्हतं. ती एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. तिने त्याला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. त्याने उत्तर दिलं. ती पुन्हा बोलली, जरा मोठ्याने. मग त्याच्या पुढ्यातली टोपली तिने आपल्या पुढ्यात ओढून घेतली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

जयसिंग उठला. डोळे बाहीने पुसून म्हणाला, "म्हणते, बाजार मला येतो. कॉलेज तुला येतं. सर, परतीची एस. टी. किती वाजता आहे?"