आप्पांचं तांबं

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — आप्पा तिचे वडील. गोष्ट म्हणाल तर एवढीशी, एका टॉर्चची. पण एवढीशी गोष्ट माणूस सहा वर्षं लपवतो का?

जर्मनीत ब्राउनश्वाइगला आमच्या इमारतीखाली प्रत्येक घराला एक केलर आहे — तळघरातली फळ्यांची खोली. लोक तिथे सायकली आणि जुने संसार ठेवतात. मी तिथे टॉर्च बनवत होतो. दुकानात मिळते तशी नव्हे. शेतापलीकडचं झाड पानापानासकट दाखवणारी. ऑफिसात मी गाड्यांचे भाग दिवसभर कॉम्प्युटरवर तापवून बघतो. त्यामुळे उष्णतेतलं आपल्याला कळतं, असा माझा समज होता. टॉर्चचा तसा समज नव्हता. दीड मिनिटात ती हाताला चटका द्यायची आणि मंद व्हायची.

त्या ऑक्टोबरात आप्पा तीन महिन्यांसाठी आले. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य फिटर म्हणून काढलेलं. जावयाची चूक काढायची नाही, ही त्यांच्याकडची रीत. त्यांनी टॉर्च हातात घेतली, तिच्यावर फुंकर घातली आणि मलाच विचारल्यासारखं म्हणाले, "जावईबापू, उजेड पुढनं जातोय. ऊब कुठनं जायची?"

मी आतल्या एलईडी दिव्याखाली चिकट पेस्टचे थर दिले होते; ऊब तिथेच अडत होती. आप्पांनी ते खरवडले आणि तांब्याचा एक तुकडा मागितला. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून ते तो घासू लागले. घासायचा, पुसायचा, उजेडात तिरपा धरायचा, पुन्हा घासायचा. असे चार दिवस. केलरच्या वीतभर खिडकीतून दुपारचं पिवळं ऊन आत यायचं, बाहेर पानं गळत असायची, जाणाऱ्या-येणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे. खर्र-खर्र आवाज चालू. मी — पदवीधर इंजिनिअर — स्टुलावर बसून बघत राहायचो. इतकं निवांत मला या देशात पुन्हा कधी वाटलं नाही.

पाचव्या दिवशी त्यांनी छोट्या शेगडीवर डोशाचा जुना तवा ठेवला, तव्यावर तांबं, तांब्यावर किंचित डाख, म्हणजे सोल्डर, आणि वर तो तिळाएवढा दिवा. डाख वितळला आणि दिवा आपला आपणच जागेवर सरकला — झोपेत कुणी कूस बदलावी तसा. दोघेही श्वास रोखून उभे होतो.

नोव्हेंबरात इथे साडेचारलाच अंधारतं. आम्ही बागेत गेलो. धुक्यात उजेडाचा खांब आडवा पडला, दूर, तळ्याच्या पलीकडे. टॉर्च तापली, पण सगळीकडून सारखी, आणि मंद झाली नाही. आप्पांनी त्या झोतात हात धरला, वाहत्या पाण्यात धरावा तसा.

आता मुद्द्यावर येतो. येतोय.

जर्मनीत तिघांना एकच छंद असला की ते मित्र होत नाहीत. त्यांची संस्था होते — घटना, खजिनदार आणि वार्षिक सभेसकट. आमचीही एक होती, हाताने दिवे बनवणाऱ्यांची. वर्षातून एकदा सगळे आपापली कामं टेबलावर मांडायचे आणि अध्यक्ष सर्जनच्या गांभीर्याने ती उघडायचे. मी घरी त्यांच्या नकला करायचो. त्या वर्षीच्या सभेला आप्पा हौसेने इस्त्रीचा शर्ट घालून बरोबर आले.

अध्यक्षांनी माझी टॉर्च उघडली. भिंगातून तांबं पाहिलं. मग शेजारी बसलेल्या आप्पांची बोटं पाहिली, घासून काळी पडलेली. त्यांनी मला विचारलं, हे तुम्ही केलंत की तुमच्या श्वीगरफाटरनी?

श्वीगरफाटर म्हणजे सासरा. तो एक शब्द आप्पांना येत होता. जिन्यात शेजारी भेटले की मी त्यांची तशीच ओळख करून द्यायचो. ते पुढे वाकले. "अहो, माझ्याबद्दल काही विचारतायत का?"

मी आधी अध्यक्षांना जर्मनमध्ये सांगितलं — मीच केलं. मग आप्पांकडे वळलो.

"तुम्हाला कॉफी हवी का, विचारतायत."

का? मला नोकरीवरून कोण काढणार होतं? बक्षीस म्हणजे लॅमिनेट करून मिळणारा एक कागद. असल्या कागदांना मी जन्मभर हसत आलो. तरी तो मला हवा होता — एकट्याला.

आप्पांनी आयुष्यात कधी कॉफी घेतली नव्हती. "एवढ्या मोठ्या माणसानं विचारलं, नको कसं म्हणायचं?" म्हणाले. मीच कप आणून दिला. काळी, बिनसाखरेची. त्यांनी ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली आणि अध्यक्षांना लांबून हात जोडले. अध्यक्षांनी गोंधळून मान हलवली आणि बक्षिसाच्या कागदावर माझं नाव लिहिलं.

आता आप्पांचा हात कापतो. कानस धरवत नाही. पण घरी येईल त्याला ते सांगतात — परक्या मुलखात सभेच्या अध्यक्षानं एवढ्या माणसांत आधी आपल्याला कॉफी विचारली. मी समोर असलो की साक्षीला मला घेतात. मी मान डोलावतो.

परवा फोनवर त्यांनी विचारलं, "ते अध्यक्ष अजून माझी चौकशी करतात का हो?"

करतात, मी म्हणालो.

अध्यक्षांनी त्यांची चौकशी एकदाच केली होती. तिचं उत्तर मी दिलं.