बाबांच्या गाण्याला खालचा नंबर

मूर्तिजापूरच्या आमच्या घरात एकच बल्ब होता. त्याच्या उजेडात मायचा स्वयंपाक, माझा अभ्यास आणि बाबांची गाणी. बाबा दिवसभर गवंड्याच्या हाताखाली राबायचे आणि संध्याकाळी पेटी काढून भीमगीतं म्हणायचे. माझी दहावी आली तशी ते पेटी उचलून अंगणात जाऊन बसले. कोणी सांगितलं नव्हतं. डासांना फुकट गाणं मिळू लागलं, एवढंच.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी जुना कॉम्प्युटर घेतला. बाबांनी लगेच त्यावर आपल्या गाण्यांच्या जुन्या कॅसेटी उतरवायला काढल्या. त्यातली खरखर काढणारा प्रोग्रॅम चालू असला, की मी टाइप केलेलं अक्षर चहा पिऊन मगच पडद्यावर यायचं.

तेवढ्यात अमरावतीच्या एका कंपनीची ऑनलाइन परीक्षा आली. नोकरी त्यावरच ठरणार होती. मी एक छोटं सॉफ्टवेअर टाकलं. प्रोसेसर आधी कोणत्या प्रोग्रॅमला मिळावा, ते त्यात ठरवता येतं. बाबांच्या प्रोग्रॅमला मी सगळ्यात खालचा नंबर दिला.

ते बाबांनी पाहिलं.

"काहून वं बाई, माह्या गाण्याले खालचा नंबर? खाली बसायचं आपण छप्पन सालीच सोडलं ना!"

"बंद नाई केलं, बाबा. मी थांबली का तुमचं जोरात चालते."

"मंग तू थांबत जा."

"दोघंबी थांबा," माय म्हणाली, "भाकर थंडी होऊन राहिली."

परीक्षेच्या सकाळी कॉम्प्युटर सुरू केला, तर बाबांचा प्रोग्रॅमही आपोआप चालू झाला आणि थोड्या वेळात माऊस जागचा हलेना. बाबांनी गुपचूप आपला नंबर सगळ्यात वर चढवला होता.

"मले वाटलं, दोघायलेबी वर बसता येते," ते चेहरा पाडून म्हणाले.

कॉम्प्युटर बटण दाबून बंद केला, पुन्हा चालू केला. बाबांनी स्वतःच्या हातानं आपला नंबर खाली आणला. मग पेटी उचलून अंगणाकडे निघाले.

"बाबा, कॉम्प्युटरले पेटी ऐकू येत नाई."

"त्याले नाई येत. तुले येते ना!"

परीक्षेत माऊस एकदाही अडला नाही. मी पास झाले. कॅसेटीही सगळ्या उतरल्या. आमच्या घरातली पहिली पदवी माझी होती, पहिली नोकरीही माझीच.