इस्तोवाल्या अक्का

इस्तोवाल्या अक्का विस्तव घेण्याआधी त्यावर तळहात धरायच्या. आपण शेकायला धरतो तसा नव्हे. मुलाचा ताप पाहायला कपाळावर ठेवावा तसा. मग एक तर मान हलवून निखारे आपल्या खापरात घ्यायच्या, नाहीतर म्हणायच्या, "आज ऱ्हाऊ दे, माय." ज्या घराला हे ऐकावं लागे, त्या घरातलं कोणीतरी लौकरच जाई. धुळ्याला पांझरेकाठच्या आमच्या आळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मोठ्याने कोणी बोलत नसे.

विस्तव त्यांना लागे तो केकसाठी. तरुणपणी त्या भुसावळला रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर आया होत्या. मडमेच्या स्वयंपाकघरातून त्यांनी केक तेवढा उचलला, बाकी सगळं तिथेच ठेवून आल्या. विधवा होऊन धुळ्याला परतल्यावर आळीच्या सोवळ्याला धक्का नको म्हणून त्यांनी अंडी टाकली आणि दही घातलं. पण केकची एक अट होती. विस्तव घरोघरचा हवा. "एक घरना इस्तोवर भाजेल केक एकल्यानाच व्हस," त्या म्हणायच्या. "बठ्ठासना इस्तो पाहिजे." म्हणून प्रत्येक दारातून दोन-चार निखारे मागायच्या आणि संध्याकाळी त्याच दारांत केकचा तुकडा पोचवायच्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा माहेरच्या आठवणीने रडरड रडत असे. मला गप्प केलं ते अक्कांच्या परातीने. त्या मला तूप फेसायला बसवायच्या. हात भरून येईपर्यंत फेसायचं, तूप पांढरंशुभ्र होऊन हलकं झालं की साखर, मग दह्यात भिजलेला रवा, चोपड्याहून आलेली पिकली केळी कुस्करून, वेलदोडा आणि चिमूटभर पापडखार. मोठ्या टोपात वाळू, वाळूवर पातेलं, टोपाखाली निखारे आणि झाकणावरही निखारे. मग अक्का टोपाजवळ कान नेऊन बसायच्या. आत केक कुजबुजतो, तो गप्प झाला की उतरवायचा, असं त्यांचं गणित. मीही कान लावून पाहिला. खरंच आत कोणीतरी हळू आवाजात बोलत होतं. मला घाम फुटला आणि पाठोपाठ तो वास आला, आणि भीती कुठल्या कुठे पळाली. इतकं सुख मी त्या वयात दुसऱ्या कशात पाहिलं नाही.

सासूबाईंनी मात्र केकला जन्मात बोट लावलं नव्हतं. "खाली विस्तव, वर विस्तव. असं सरणावर असतं, चुलीवर नसतं," त्या म्हणायच्या. अक्कांपुढे म्हणायची त्यांची छाती नव्हती, हा भाग वेगळा. विस्तव द्यायला मात्र त्याच आधी पुढे होत. अक्का आमच्या निखाऱ्यांवर हात धरून मान हलवीत, तोवर त्या उंबऱ्यात पदराचं टोक चावत उभ्या असत. न द्यावा तर कळणार नाही, आणि न कळणं त्याहून वाईट. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या घराला अक्का "ऱ्हाऊ दे" म्हणाल्या तेव्हा शिंपी त्यांच्या अंगावर धावून गेला होता. त्याचा धडधाकट भाऊ त्याच आठवड्यात गेला. शिंप्याने पुढे येऊन अक्कांचे पाय धरले. अक्कांनाच ते सोसलं नाही. कितीतरी दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत.

मग मानमोडीची साथ आली. तापाने माणसं पटापट जाऊ लागली. अक्कांनी विस्तव मागणं बंद केलं आणि आळीतून केकचा वास नाहीसा झाला. आमची बनी पाच वर्षांची. तिला ताप भरला. डोळे मिटून पडलेली पोर एका सकाळी म्हणाली, "आई, अक्कांचा केक."

मी खापरात आमच्या चुलीतले निखारे घेतले आणि अक्कांच्या दारात जाऊन उभी राहिले. केक हा नुसता बहाणा होता. मला त्यांचा हात पाहायचा होता.

अक्कांनी तळहात धरला. किती वेळ धरला! मग मान हलवली. "तुना इस्तो चांगला शे, माय. पोरले सांग, सांजले केक लई येसू." मी रस्त्यातच रडायला लागले, आनंदाने.

अक्का दुसऱ्या कुठल्याही दारी गेल्या नाहीत. दुपारी वास सुटला तशी आळीतली बंद दारं किलकिली झाली. संध्याकाळी बनी उठून बसली. दोन तुकडे खाल्ले, बोटं चाटली, आणि आजीने खाल्लाच पाहिजे म्हणून हटून बसली. सासूबाईंनी खाल्ला. "गोड आहे गं," म्हणाल्या. आम्ही हसलो. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात हसू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आत बनी गेली.

बनीचे दिवस झाल्यावर मी अक्कांकडे गेले ती भांडायलाच. "तुम्हाला कळलं नव्हतं?"

"कळनं व्हतं," अक्का म्हणाल्या. "इस्तो थंडा व्हता. लाल व्हता, पन थंडा. मी खोटं बोलनू."

"मग त्यावर केक भाजला कसा?"

"तेच माले बी समजनं नही. पोरले खावाना व्हता, म्हनीसन मी पातेलं मांडं. कच्चा राही अशे वाटनं. पन तो फुगना." त्या आपल्या तळहाताकडे बघत राहिल्या. त्या खोट्याने माझ्या लेकीची एक संध्याकाळ गोड केली होती, आणि माझीही.

साथ सरली. एका सकाळी अक्का पुन्हा खापर घेऊन निघाल्या. आमच्या दाराशी न थांबता खाली मान घालून पुढे चालल्या होत्या. मी हाक मारली आणि निखारे घेऊन बाहेर आले. सवयीने त्यांचा हात उचलला गेला. मी तो धरला आणि बाजूला केला.

"हात धरू नका, अक्का," मी म्हणाले. "आधी कळायला नको मला. नुसता घेऊन जा, आणि संध्याकाळी तुकडा पाठवा."